टाकी रात्रीतून उतरते, भिंतीला ओल आहे. फरशी न फोडता गळती कशी शोधावी?

तुमचा प्रश्न असा : हजार लिटरची टाकी संध्याकाळी भरून ठेवली तरी सकाळी बरीच उतरलेली असते, ओट्याखालच्या भिंतीला ओल आलीय, आणि प्लंबर म्हणतोय ओट्याखालच्या टाइल्स फोडाव्या लागतील. भाऊ, निदान दोन रात्री त्याला घरात घेऊ नका.

माझं धुळ्यात हार्डवेअरचं दुकान आहे. मी प्लंबर नाही, पण फुटलेला तुकडा हातात घेऊन माणसं माझ्याकडेच येतात. दुकानावर बसणारा एक जुना कारागीर नेहमी म्हणायचा, "जठे ओल दिखस, तठे पाईप फुटेल नही ऱ्हास." मी हे शंभरदा ऐकलं आणि स्वतःच्या घरात मात्र ओल दिसली तिथेच छिन्नी लावली. दोन टाइल्स गेल्या, आत पाईप ठणठणीत कोरडा. त्याची गोष्ट पुढे सांगतो.

आज रात्री झोपताना सगळे नळ बंद करा, टाकीवर चढा आणि कोरडी काठी तळापर्यंत बुडवून ओली खूण मोजा. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा मोजा. हजार लिटरच्या उभ्या गोल टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे साधारण नऊ-दहा लिटर. दुसऱ्या रात्री टाकीखालचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून हेच करा. त्याआधी खालचा एखादा नळ उघडून धार खरंच थांबते का बघा, कारण जुना गेट व्हॉल्व्ह फिरतो पण पाणी अडवत नाही.

व्हॉल्व्ह बंद असतानाही पाणी उतरलं तर दोष घरात नाही, वर आहे. टाकीला चीर असेल, नाहीतर पाणी परत हौदात जात असेल. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. मोटारीचा पाईप टाकीत पाण्याखाली बुडालेला असेल आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा फूट व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) धरत नसेल, तर मोटार बंद झाल्यावर त्याच पाईपाने टाकी उलटी रिकामी होते. गळती शून्य, डोकेदुखी पूर्ण. पाईपाचं तोंड पाण्याच्या वर उचललं की काम झालं.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर पाणी जागच्या जागी राहिलं तर रोज रात्री एकच लाइन उघडी ठेवा. चोर सापडतो. संडासची लाइन निघाली तर आधी फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ थोडी टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर खालचं रबर गेलंय. ते बदला, भिंतीला हात लावायचं कारण नाही.

आणि समजा कुठल्याच रात्री पाणी उतरलं नाही, तरी ओल आहेच? मग नळाची लाइन सोडा, सांडपाण्याचा पाईप बघा. भांडी घासल्यावर ओल वाढते का, एवढंच पाहा.

आता माझं घर. ओल ओट्याखाली होती, पण लाइन एकेक बंद केल्यावर गळती निघाली न्हाणीघराच्या लाइनीत, तिथून बारा-तेरा फूट लांब, फरशीखाली. घर बांधताना जोत्यात मुरूम भरायचा सोडून पायाच्या खोदाईतली काळी मातीच लोटली होती. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतातल्या भेगांत हात जातो, हे तुम्हाला सांगायला नको. तीच माती फरशीखाली पाईप ओढत होती. एल्बोच्या (पाईप वळवायच्या कोपऱ्याच्या) तोंडाशी केसाएवढी चीर पडली होती, बोट फिरवलं तर लागेना, नखाला मात्र अडकायची. पाणी भरावातून सरकत सरकत ओट्याच्या भिंतीशी आलं आणि तिथे वर चढलं. मी ती लाइनच कायमची बंद केली आणि नवी भिंतीच्या बाहेरून नेली. दिसायला बरी नाही, पण गळाली तर दिसते.

बाहेरून नेणार असाल तर उन्हाचा हिशोब ठेवा. दहा मीटर प्लास्टिक पाईप तीस अंशांनी तापला की जवळपास दोन सेंटीमीटर लांबतो. क्लॅम्प आवळून टाकले तर हा सगळा ताण सांध्यावर येतो. पाईप सरकेल इतके ते सैल ठेवा आणि पाईपाला फिका रंग मारा, नाहीतर उन्हाने तो ठिसूळ होतो.

दुरुस्तीत माणसं चुकतात ती घाईने. पांढऱ्या यूपीव्हीसी पाईपाचं सोल्युशन, म्हणजे सांधा चिकटवायचं द्रव, पिवळट सीपीव्हीसी पाईपाला चालत नाही, डबा वाचून घ्या. पाईपाचं तोंड सरळ कापा, कापलेल्या कडेची कुसळं काढा, पुसून कोरडं करा, सोल्युशन लावून पाव फेरा देत आत बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाईप हळूच मागे सरकतो. मग शक्यतो एक दिवस पाणी सोडू नका. टेफ्लॉन टेप आटे आवळायच्या दिशेनेच गुंडाळा; उलटी गुंडाळली तर नळ बसवताना गोळा होऊन बाहेर येते. मळून लावायची पुट्टी एखाद्या रात्रीपुरती ठीक, तीही पाईप कोरडा असेल तरच.

एक राहिलं. रस्त्यावरून हौदापर्यंत येणारा पाईप या काठीच्या परीक्षेत येत नाही, तो फक्त नळाला पाणी आल्यावर गळतो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. मधल्या दिवसांत पाईप रिकामा असतो आणि चिरेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. सुरुवातीचं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल तर ते हौदात घेऊ नका आणि तो तुकडा आधी बदला, ओट्याची ओल नंतर.

दोन रात्रींचे आकडे इथेच खाली टाका, कोणती लाइन ते मग बघू.