डमीवरून माणसाएवढी बाहुली: पहिल्यांदा करताना

भाऊ, पहिलीच बाहुली फायबरची करू नका. कापडदुकानातली जुनी डमी, खाकी कागद आणि मैद्याची खळ एवढ्यात भागतं. फक्त डमीचे हात सुटे निघणारे हवेत.

डमीला आधी पातळ प्लॅस्टिक घट्ट गुंडाळा. काखेत किंवा मानेशी उघडी जागा राहिली, की कागद तिथंच चिकटतो आणि सोडवताना फाटतो. कागद कापू नका, फाडा. फाटक्या कडा एकमेकींत बसून जातात. पट्ट्या दोन इंची, एक थर आडवा, एक उभा, असे सहा ते आठ.

बहुतेकांचं काम घाईनं बिघडतं. जळगावच्या मे महिन्यात वरचा थर बघता बघता टणक होतो, आत मात्र ओल राहते. मग कवच वाकतं, बुरशी धरते. दर दोन थरांनंतर थांबा, सावलीत वाळवा. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर झुरळं ताव मारतात. (विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा.)

कवच दोन्ही कुशींवरून कटरनं कापा. कापण्याआधी रेघेवर जागोजागी आडव्या खुणा करा, म्हणजे जोडताना खांदे जुळतात. आत अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचा सांगाडा, पावलांत वाळू.

चेहरा आणि केसांचं सध्या राहू द्या. आधी धड उभं करा.