ऑर्डर दिल्यावर भाव वाढला, आता?

प्रश्न : मॉड्युलर किचनची ऑर्डर देताना आम्ही कोटेशनवर सही केली आणि निम्मी रक्कम आगाऊ भरली. माल यायच्या सुमाराला फोन आला : "प्लाय, हार्डवेअर सगळंच महागलंय. एकूण बिलावर 15 टक्के जास्त द्या, मग माल सोडतो." कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'दर पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात' असं छापलेलं आहे. घरचे म्हणतात, देऊन टाक आणि मोकळी हो. मला पटत नाही. पण जुना ओटा तर फोडून झालाय. नाही म्हटलं तर काम अडेल का?

उत्तर : फोनवर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. "लेखी पाठवा, बघते" एवढंच सांगा. मी बरीच वर्षं कोटेशनच्या टेबलापलीकडे, म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूला बसत होते. वाढ फोनवर सांगितली जाते याला कारण असतं. कागदावर आली की तिचा हिशेब द्यावा लागतो.

आधी ती बारीक अक्षरातली ओळ. ती घाबरण्यासारखी नाही. छापील कोटेशनवर ती असते कारण तुम्ही चार महिन्यांनी तोच कागद घेऊन आलात तर जुना दर मागू नये. पण दोघांनी सही केली आणि त्यांनी आगाऊ रक्कम घेतली, की तो नुसता दरपत्रकाचा कागद राहत नाही, तो करार होतो. करारातली किंमत एकट्याच्या मर्जीने बदलत नाही. वाढीची अट खरोखर ठरली असेल तर कोणत्या कारणाने, किती मर्यादेपर्यंत आणि तुम्हाला मान्य नसेल तर पैसे परत मिळणार का, हे तिच्यात लिहिलेलं हवं. नुसतं 'बदलू शकतात' हे फारच मोघम झालं.

आता 15 टक्क्यांकडे या. माल महागला हे खरंही असेल, पण महागलेला माल म्हणजे अख्खं बिल नव्हे. समजा तुमच्या बिलात हार्डवेअरचा वाटा 25 टक्के आहे आणि हार्डवेअर 20 टक्क्यांनी महागलं, तर बिल वाढतं 5 टक्के. प्लायचा वाटा 30 टक्के आणि दर 10 टक्क्यांनी चढला, तर आणखी 3. झाले 8. उरलेले 7 कुठून आले? कटिंग, एजबँडिंग (प्लायच्या कडांना पट्टी लावणं), फिटिंगची मजुरी, वाहतूक आणि त्यांचा नफा यांवरही सरसकट टक्केवारी लावली, तिथून. म्हणून वाढ आयटमनिहाय मागा : कोणती वस्तू, जुना दर, नवा दर, नग किंवा चौरस फूट. शिवाय विचारा, की आगाऊ रक्कम मिळाल्यावर माल बुक का केला नाही? ती रक्कम त्यासाठीच असते. खरेदी जुन्या दराने झाली असेल तर वाढीचा प्रश्नच उद्भवत नाही.

दर सोडून माप वाढलंय का, हेही बघा. इथे भल्याभल्यांची फसगत होते. ओट्याखालची युनिट 10 फूट लांब आणि अडीच फूट उंच असतील तर 25 चौरस फूट भरतात. फायनल मेजरमेंटच्या कागदावर कोणी खालचं 4 इंची स्कर्टिंगही (जमिनीलगतची पट्टी) उंचीत धरलं, की तीच युनिट 28 चौरस फुटांच्या वर जातात. दर तोच, कपाटं तीच, बिल 13 टक्क्यांनी फुगलेलं. कोपऱ्याचं युनिट दोन्ही भिंतींच्या लांबीत धरलंय का तेही तपासा. टेप घ्या आणि ड्रॉइंगवरची मापं स्वतः मोजा, लाजू नका.

तुमच्याकडून झालेले बदल मात्र वेगळे काढा. ऑर्डरनंतर शटरची, म्हणजे कपाटाच्या दारांची, मॅट फिनिश बदलून ग्लॉसी सांगितली असेल, साध्या चॅनलवरच्या ड्रॉवरऐवजी टँडम (लपलेल्या चॅनलवर सरकणारे) ड्रॉवर मागितले असतील, तर ते पैसे द्यायलाच हवेत. टाइल्स किंवा नळाचे पॉइंट वेळेत झाले नाहीत म्हणून तुम्हीच माप पुढे ढकललं असेल, तर त्यांचीही बाजू आहे, थोडं समजून घ्या. उलट तारीख त्यांनी चुकवली असेल, तर त्या काळातली वाढ त्यांच्याच माथी.

काम अडेल का? जोवर कटिंग झालेलं नाही तोवर हात झटकणं त्यांना सोपं असतं, करार असला तरी. पण तुमच्याकडे माल 'सोडायची' भाषा आहे, म्हणजे तो तयार आहे. तुमच्या भिंतीच्या मापाची कपाटं दुसऱ्या कोणाच्या घरात बसत नाहीत. अडकलेले तेही आहेत. हे ओरडून सांगायची गरज नाही, मनात असू द्या.

मेसेज असा पाठवा : "सही केलेल्या कोटेशनप्रमाणे किंमत ठरलेली आहे. वाढ मागत असाल तर आयटमनिहाय जुना-नवा दर आणि खरेदीची बिलं पाठवा. मी सांगितलेल्या बदलांचे पैसे मी देईन. ठरलेली उरलेली रक्कम तयार आहे, डिलिव्हरीची तारीख लेखी कळवा." शेवटचं वाक्य गाळू नका. पैसे द्यायला तुम्ही तयार होतात, हे नोंदलेलं राहायला हवं.

यावर बहुतेक वेळा आकडा खाली येतो. मग एखादी छोटी, कागदावर पटणारी वाढ मान्य केलीत तर त्यात कमीपणा नाही. पण "त्याच किमतीत बसवून देतो" असं म्हणाले तर सावध राहा. तेव्हा सॉफ्ट-क्लोज (दार हळूच बंद करणाऱ्या) बिजागरीच्या जागी साधी येते, मागचं पॅनल पातळ होतं. कंपनी, मॉडेल, जाडी सगळं पुन्हा लिहून घ्या आणि माल उतरताना एक शटर उघडून बघा. एवढं करूनही हटले नाहीत, तर कागद घेऊन ग्राहक तक्रारीचा रस्ता धरा. तुमची सही असलेलं कोटेशन आणि पैसे भरल्याची पावती आत्ताच बाजूला काढून ठेवा.

प्रश्न : आम्ही अजून ऑर्डर दिलेली नाही. आगाऊ किती द्यावं?

उत्तर : निम्म्याहून कमी, आणि टप्प्याटप्प्याने. ऑर्डरला काही, माल घरी उतरून मोजून घेतल्यावर काही, आणि निदान 10 टक्के सगळी शटर सरळ बंद व्हायला लागल्यावर. कोटेशनवर पेनाने एक ओळ घालून घ्या : "फायनल मेजरमेंटनंतर दर बदलणार नाही." त्यापुढे त्यांची सही हवी. ती करायला कां-कूं झाली, तर दुसरीकडूनही एक कोटेशन मागवा.