पाणी-प्रश्न : गेटला मोटर बसवताना

आमच्या पाणी वापर संस्थेच्या वितरिकेवरचं स्क्रूचं गेट मोटरवर घ्यायचं चाललंय. काय बघून घ्यावं?
— एक वाचक, पलूस तालुका

मोटर किती ताकदीची ते नंतर. आधी गेट हाताने तळापासून वरपर्यंत एकदा नेऊन आणा. मध्येच जड जात असेल तर खाचेत गाळ बसलाय, रबरी सील दुमडलंय किंवा स्पिंडल (गेट वर-खाली नेणारा आट्यांचा दांडा) आधीच वाकलंय. हे दुरुस्त न करता मोटर चढवणं म्हणजे पैसे पाटात सोडणं.

हाताला जड लागलं की माणूस थांबतो, मोटर थांबत नाही. म्हणून लिमिट स्विच आणि टॉर्क स्विच दोन्ही हवेत. लिमिट स्विच गेट कुठवर आलं ते बघतो, टॉर्क स्विच किती जोर लागतोय ते. गेटखाली उसाचं पाचट किंवा ओंडका अडकला तर गेट तळाला टेकत नाही. लिमिट स्विचच्या लेखी काम अजून बाकीच असतं, मोटर रेटत राहते आणि लांब स्पिंडल धनुष्यासारखं वाकतं. इथे टॉर्क स्विचच वाचवतो. कोटेशनमध्ये तो वेगळा लिहून घ्या.

दुसरा धोका आपल्याकडचा नेहमीचा. लाइनचं काम झालं आणि फेज उलटे जोडले गेले की विहिरीवरची मोटर उलटी फिरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गेटचंही तसंच. ‘उघड’चं बटण दाबलं की गेट खाली जातं, खालचा लिमिट स्विच ‘बंद’च्या सर्किटमध्ये असल्याने तो मध्ये पडतच नाही. फेजचा क्रम तपासणारा रिले बसवा. तरीही लाइनचं काम झालं की गेट अर्ध्यावर असताना क्षणभर बटण दाबून दिशा बघायचीच.

स्पिंडलवर रंगाने खुणा करा. आटा १२ मिमीचा (एका फेऱ्यात गेट १२ मिमी सरकतं) आणि नट थेट फिरत असेल तर ३० सेंमी उघडायला २५ फेरे होतात. वीज गेली, आकडे दाखवणारा पडदा बंद पडला, तरी खुणेवरून गेट लावता येतं.

आणि बटण हाताशी आहे म्हणून मुख्य कालवा भसकन बंद करू नका. अस्तरामागे मुरलेलं पाणी मागून दाब देतं, फरशा उचलतात, भराव घसरतो. पातळी तासाला १५ सेंमी आणि चोवीस तासांत ३० सेंमीहून जास्त उतरवू नये, असा जुना ठोकताळा आहे. हाताने गेट फिरवताना हा संथपणा आपोआप पाळला जायचा.

फ्ल्यूमवर (पाणी मोजायला बांधलेल्या अरुंद भागावर) अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे. सकाळी तो मोजपट्टीशी जुळतो, दुपारी कमी दाखवतो. खरं कोणाचं?
— एक वाचक, वाळवा तालुका

मोजपट्टीचं. सेन्सर आवाज सोडून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि हवेतला आवाजाचा वेग दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१७ टक्के बदलतो. उन्हात पेटी तापली की आतल्या तापमापकाला हवा आहे त्यापेक्षा गरम वाटते, अंतर जास्त निघतं, म्हणजे पाणी कमी दिसतं. सेन्सर पाण्यापासून २ मीटर वर असेल आणि तापमान १० अंशांनी चुकलं, तर पातळी साडेतीन सेंमीने घसरलेली दिसते.

साडेतीन सेंमी किरकोळ वाटतात. पण फ्ल्यूममधला विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घातात बदलतो. उंची ६० सेंमी असेल तर विसर्ग साडेआठ टक्के कमी दिसेल. मायनरवर, म्हणजे छोट्या फाट्यावर, २० सेंमीच असेल तर तब्बल पाव हिस्सा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, चोवीस तासांत साधारण साडेचोवीस लाख लिटर. त्यातला पाव हिस्सा हिशेबातून गळतो, आणि गेट या आकड्यावर आपोआप चालत असेल तर ते दुपारी उगाचच जास्त उघडतं.

पेटीवर पत्र्याची सावली करा, मध्ये हवा खेळायला जागा सोडून. सेन्सर शांत-विहिरीवर (कालव्याला नळीने जोडलेली, लाटा न उठणारी छोटी विहीर) असेल तर तिची नळी प्रत्येक आवर्तनाआधी, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याआधी, उपसा. गाळाने तुंबली की कालव्यातलं पाणी हलतं, विहिरीतलं तिथेच राहतं. नवीन घेत असाल तर रडार सेन्सर घ्या. मोजपट्टी मात्र काढू नका.

परदेशात उचलपूल आणि जहाजांना एका पातळीवरून दुसरीवर नेणारी लॉक एका खोलीत बसून चालवतात म्हणे. मग आपल्या कालव्यावर माणूस कशाला?
— एक विद्यार्थी, कराड

आपल्या कालव्यांतून जहाजं जात नाहीत, त्यामुळे लॉक इथे नाही. ते बघायचं तर पश्चिम बंगालमधल्या फरक्क्याला. उचलपूल तमिळनाडूतल्या पांबनला. तिथला 1914 चा जुना पूल माणसं हाताने लिव्हर फिरवून उघडत. 2025 मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा मोटरवर १७ मीटर सरळ वर जातो.

पण कॅमेऱ्याची गोष्टही ऐका. नेदरलँड्सच्या झानदाममध्ये 2015 साली दुरून चालवला जाणारा पूल उघडताना त्यावर दोन माणसं होती. पडद्यासमोरच्या चालकाला ती दिसली नाहीत. त्यात एका महिलेचा जीव गेला.

आपल्याकडेही गेटवरचा कॅमेरा गेट दाखवेल. दोन किलोमीटर पुढे भरावात खेकड्यांनी पाडलेली बिळं, बाहेरच्या अंगाला आलेला ओलावा, मोरीच्या तोंडाशी साचलेली जलपर्णी त्याला दिसत नाही. ते बघायला पाटकऱ्यालाच कालव्यावरून चालावं लागतं.

पाटकऱ्याचं काम जाणार का?
— एक वाचक, तासगाव तालुका

हँडल फिरवायचं काम जाईल. शेजपाळी (शेतांना पाणी द्यायची क्रमवारी) लावणं, टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं का बघणं, बाऱ्यावरची भांडणं मिटवणं हे मोटर करत नाही. पाणी वापर संस्थांच्या 2005 च्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि आतलं वाटप संस्थेकडे असतं, तेव्हा माणूस ठेवायचा की नाही हे तुमची सभाच ठरवू शकते. आमचं मत विचाराल तर ठेकेदाराने द्यायच्या प्रशिक्षणात पाटकऱ्याचं नाव आधीच घाला. लिमिट स्विच लावणं आणि मल्टिमीटरने तिन्ही फेज बघणं त्याला आलं, तर दर बिघाडाला पुण्याहून माणूस येण्याची वाट बघावी लागणार नाही.

मोटर बसल्यावर हाताचं हँडल कुठे ठेवायचं?
— तेच वाचक

गेटपाशीच, साखळीला कुलपात; किल्ली पाटकऱ्याकडे. दर आवर्तनाआधी क्लच (मोटर आणि गेटमधला जोड) सोडवून पाच-दहा फेरे हाताने फिरवा. वर्षभर न फिरवलेला क्लच गंजून चिकटतो, आणि ते कळतं नेमकं वीज गेलेल्या रात्री.