शेडखाली कुठली खडी घालायची ते नंतर, आधी तो भराव काढा

गोव्यातल्या फोंड्याच्या परसातली 10 बाय 12 फुटांची पत्र्याची शेड, खाली चिरेखाणीतल्या (जांभा दगडाच्या खाणीतल्या) मातीचा भराव, त्यावर खडी. पहिल्याच पावसाळ्यात एक कोपरा खचला, दार घासायला लागलं, आणि आता वरून पांढरे गोल गोटे पसरू का, असं तुम्ही विचारलंय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. गोटे टाकू नका. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, वजन पडलं की सरकतात. शिवाय माडाखाली दोन पावसांत हिरवे होतात.

खणणं, पातळी घेणं हे गवंड्याला कळतं, ते सोडून देतो. खरा घोटाळा भरावात आहे. ती लाल माती एप्रिलात पाणी मारून धुम्मसली, म्हणजे ठोकून दाबली, की दगडासारखी टणक लागते, म्हणून माणूस फसतो. तिच्यात चिकणमाती जास्त असेल तर पाऊस मुरल्यावर ती मऊ पडते. शेडच्या वजनानं खडी खाली दबते आणि फटींतून चिखल वर येतो. वरून बघणाऱ्याला वाटतं खडी कमी पडली, म्हणून आणखी एक टेंपो मागवतात, आणि तीही चिखलात जाते. कोपरा खचतो तो बहुतेक वेळा पत्र्याचं पाणी पडतं तिथेच. 120 चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस म्हणजे जवळजवळ 280 लिटर पाणी, आणि आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांच्या वर पडतो!

खात्री करायची तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घाला, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू आणि खडे लगेच बसतात. दुसऱ्या दिवशीही पाणी लालच दिसलं तर तो माल शेडखाली नको. पुरवठादार त्यालाच 'चांगला मुरूम' म्हणून विकतात, याचा मनस्वी राग येतो.

आता उपाय. शेड रिकामी करा, फळ्यांवर जॅक लावून उचला, आणि भराव मूळ घट्ट जमीन लागेपर्यंत काढा. शेडच्या चहूबाजूंनी एक फूट जास्त धरा, म्हणजे 12 बाय 14. तळाला न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) अंथरा, जोडावर फूटभर एकावर एक घ्या. प्लास्टिक ताडपत्री मुळीच नको, पाणी तिच्यावरच तुंबतं. त्यावर काळ्या दगडाची फोडलेली दीड इंची खडी चार इंच, वर पाऊण इंची दोन इंच. दर तीन-चार इंचांना धुम्मस करा. जमलं तर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे दाबायचं यंत्र, भाड्यानं आणा. डस्ट (दगडाची भुकटी) मिसळलेली खडी घेऊ नका, बारीक कण पाणी अडवतात. सहा इंचांचे 84 घनफूट होतात, दबण्याचे धरून एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, पुरेल. मूळ जमीन खोल लागली तर त्या हिशेबानं दीड इंची वाढवा. ट्रकचा हौदा आतून फुटांत मोजा, लांबी गुणिले रुंदी गुणिले मालाची उंची भागिले शंभर. 'ब्रास आहे हो' या शब्दावर पैसे देऊ नका.

कडेला चिऱ्यांची ओळ लावा, पण उताराच्या बाजूला मध्ये मध्ये फट ठेवा. चिरा घेताना हातोडीनं वाजवा, पांढरट मातीचे डाग असलेला बाजूला काढा. सांध्यात किनाऱ्यावरची वाळू नको, मिठानं लोखंडी पाय गंजतात.

हे सगळं घट्ट लाल जमिनीसाठी आहे. मी इंजिनियर नाही, आणि खाजनात (खाडीकाठच्या सखल जमिनीत) किंवा शेतजमिनीत एवढ्यानं भागणार नाही, तिथे जाणकाराला जागा दाखवा. परवानगीचंही तोंडी विचारू नका. एका कार्यालयात खिडकीवरचा माणूस 'काय लागत नाही' म्हणाला आणि नोटीस मात्र दुसऱ्या टेबलावरून आली. अर्ज द्या, पोच घ्या.

आणि पन्हळ बसवल्याशिवाय शेड परत खाली ठेवू नका. तिचं पाणी पाइपानं निदान सहा फूट लांब, उताराकडे सोडा.