दोन वर्षांची मुलगी मोबाइलशिवाय जेवतच नाही, काय करू?

मुलगी दोन वर्षांची आहे, यूट्यूब लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे, ठाण्यात घोडबंदर रोडला, माझ्या मुलाचंही वर्षभर हेच चालू होतं. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पाऊण तास भरवणं.

माझे डोळे पाळणाघराने उघडले. तिथल्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे तर तो सतरंजीवर बसून हाताने जेवतो." खरं वाटेना, म्हणून एकदा दाराआडून पाहिलं. ताटलीत दोन चमचे वरणभात. निम्मा अंगावर सांडला, उरलेला खाल्ला आणि उठला. काकूंनी एकही जास्तीचा घास पुढे केला नाही. घरी मात्र मी वाटी संपवायचीच म्हणून हटून बसायचे. मोबाइल त्याला नाही, माझ्या वाटीला लागत होता!

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं. भूकही त्याच मानाने कमी होते. आणि डोळे व्हिडिओत असले की पोट भरलेलं कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक तासाच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं. आमचा तो तास दोन जेवणांतच उडायचा.

आधी दूध बघा. आमचा बाटलीने पाऊण लिटर प्यायचा, मग भूक लागणार कुठून? डॉक्टरांनी दिवसाला ४००-५०० मिलीवर आणायला सांगितलं. जास्त दुधाने लोहही कमी पडतं म्हणाल्या. जेवणाआधीची बिस्किटंही बंद केली. मग सगळे खाली ताट घेऊन बसलो, आमचेही फोन आत. वीस मिनिटांनी ताट उचलायचं, खाल्लं असो वा नसो.

पहिले तीन दिवस वाईट गेले. त्याच्यापेक्षा सासूबाईंना समजावणं अवघड. "लेकरू उपाशी झोपलं" म्हणून त्यांचाच डोळ्याला पदर. (चिऊचा घास, काऊचा घास ही तरी काय, जुन्या काळची यूट्यूबच की.) चौथ्या दिवशी त्याने माझ्या ताटातली भाकरी ओढली.

वजन घटत असेल किंवा घास गिळताना ठसका लागत असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मेथी अजून थुंकतो. गायमुख घाटात गाडी तासभर अडकली की मोबाइलही निघतोच.