पाटी एकदाच चालते

प्रिय,

तुझी पटकथा काल रात्री वाचून संपवली. नकाशा आहे, सात देव आहेत, ड्रॅगनची वंशावळसुद्धा आहे. आणि वर तू विचारतोस, ‘सगळे म्हणतात यात भावना नाही, नायकाच्या आईचा मृत्यू टाकू का?’ नको टाकूस. अशा सिनेमांत आया ढिगाने मरतात. कोण मेलं ते राहू दे, नायकाने कशावर पाणी सोडलं ते सांग.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स : ऑनर अमंग थीव्ज’ (२०२३) पुन्हा बघ, आणि या वेळी त्यातल्या नायकावरची, एजिनवरची नजर हलवू नकोस. त्याने चोरी केली म्हणून रेड विझर्ड्सनी, म्हणजे दुष्ट जादूगारांच्या टोळीने, त्याच्या बायकोला मारलं. मेलेल्याला उठवणारी जादूची पाटी मिळावी म्हणून त्याची सगळी धडपड. पण ती पाटी एकालाच उठवते. ती वापरायची वेळ येते तेव्हा समोर त्याच्या जोडीदारणीने, होल्गाने प्राण सोडलेला असतो, जिने त्याच्या मुलीला, किराला लहानाचं मोठं केलं ती होल्गा. तो पाटी तिच्यासाठी वापरतो. बायको खऱ्या अर्थाने गेली ती तेव्हा. ‘एकालाच’ हा नियम काढून बघ, त्या दृश्यात काय उरतं?

होल्गाचंही तेच. ज्या ठेंगण्या नवऱ्यापायी तिच्या टोळीने तिला हाकललं, त्याच्याच बुटक्या घरात ही धिप्पाड बाई चिमुकल्या खुर्चीत अंग चोरून बसते. हसू येतं, आणि तरी तिचं काय काय गेलंय ते दिसतं.

हा सिनेमा ज्या खेळावरून निघाला, तो तू टेबलावर खेळत वाढलास, म्हणून तुझी गल्लत होतेय. तिथे तुमच्या खेळातलं जादूगाराचं पात्र मेलं तेव्हा सगळे रडलात. पण त्याला तुम्ही महिनोन्महिने वाढवलं होतं, आणि खेळात काय होणार ते ठरवणारा वीस बाजूंचा फासा कुणाचं ऐकत नाही. थिएटरात फासा नसतो. लेखकाने मारला म्हणून मेला, हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून पात्राला निवडायला लाव आणि एक बाजू कायमची जाऊ दे. जाऊ दे म्हणजे जाऊ दे! तू ती शेवटी मागच्या दाराने परत आणली आहेस. ते पान आधी फाड.

एका निर्मात्याने माझ्याकडे हेच मागितलं होतं : शेवटी सगळ्यांना जिवंत करा, मुलं खूश होतील. मी नाही म्हणालो. तो सिनेमा झालाच नाही. हळहळ वाटते, पुष्कळ वाटते. लोक हटवादी म्हणतात, म्हणोत. माझ्या गोष्टीतल्या मुलीने गाव वाचवायला पुलावर भावाचा हात सोडला होता. दहा मिनिटांनी भाऊ परत दिला असता तर तिने मग सोडलं तरी काय? आजही नाहीच म्हणेन.

सातातले पाच देव काढ. जादूला नियम एकच ठेव, पण नायकाला तो सगळ्यात महाग पडेल तिथेच लागू कर. पुढचा खर्डा पाठव. नकाशा नको.