टेहळणी पथक कुणाच्या दिमतीला?

लष्करी टेहळणीवरच्या मजकुराचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘कमांड अँड कंट्रोल’ला नुसतं ‘नियंत्रण’ चालेल का? आणि ‘रेकी’ लिहावं की ‘गस्त’?

दुसरं आधी. गस्त मुख्यतः आपल्या हद्दीत, राखणीसाठी घालतात. पाळत एखाद्या माणसावर किंवा जागेवर ठेवतात. शत्रूच्या बाजूला जाऊन वाटा, पाणी, छावणी, फौजेचा आकार पाहून यायचं, ती टेहळणी. ‘रेकी’ बोलण्यात सर्रास आहे, पण बातम्यांनी ती घरफोड्यांना इतकी चिकटवली आहे की लष्करी मजकुरात मी टेहळणीच लिहीन.

पहिल्याला मात्र ठाम नकार. हुकूम सोडण्याचा अधिकार ही हुकमत. त्या हुकमाचं पुढे काय झालं हे कळत राहणं आणि खबर येताच पथकाला वळवता येणं, हे नियंत्रण. हुकमत असून नियंत्रण सुटलं की काय होतं ते १८६३ साली अमेरिकन यादवीत दिसलं. दक्षिणेच्या फौजेचा सेनापती जनरल ली उत्तरेकडच्या पेनसिल्व्हेनियात घुसत होता. त्याने घोडदळाच्या स्टुअर्टला दिलेले हुकूम मोघम होते. स्टुअर्ट २५ जूनला तीन ब्रिगेड घेऊन शत्रुसैन्याला वळसा घालायला निघाला, तो २ जुलैला, गेटिसबर्गची लढाई पेटल्यावर, लीला येऊन मिळाला. शत्रू पोटोमॅक नदी ओलांडून आल्याचं लीला २८ जूनच्या रात्री कळलं, तेही हॅरिसन नावाच्या हेराकडून. घोडदळाच्या आणखी दोन ब्रिगेड मागे होत्या, पण त्या खिंडी राखत राहिल्या. स्वार होते, हुकमतही होती; नव्हतं ते नियंत्रण. हुकमत आणि नियंत्रण या दोन्हींना ‘नियंत्रण’च म्हटलं तर चूक नेमकी कुठे झाली हे मराठीत सांगताच येणार नाही.

सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर बहिर्जी थेट महाराजांना येऊन सांगतो. तिथे हुकमत आणि नियंत्रण एकाच हाती असल्याने एक शब्द पुरतो. ब्रिगेड-डिव्हिजनच्या उतरंडीत तो पुरत नाही.

अशा उतरंडीसाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, आणि तो मागे पडल्याचं मला वाईट वाटतं : दिंमत. पेशवाईच्या कागदांत माणसं ‘दिंमत अमुक’, म्हणजे अमक्याच्या हाताखालची, अशी नोंदलेली असतात. ‘पथक ब्रिगेडच्या नियंत्रणाखाली ठेवण्यात आले’ऐवजी ‘ब्रिगेडच्या दिमतीला दिले’ लिहा. पथक मूळचं दुसऱ्याचं आहे आणि कामापुरतं इकडे आलं आहे, हेही त्यात येतं.